मांजराचा रिपोर्ट, माणसाची रेंज

दहा-बारा वर्षांचं मांजर. सारखं खायला मागतं, दुधाची वाटी चाटूनपुसून साफ करतं, तरी अंगाला काही लागत नाही. पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येतात. रात्री ओरडत घरभर फिरतं. रक्त तपासलं तर एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) वाढून 180, मग लिव्हर टॉनिक सुरू. इथंच गडबड होते. अशा मांजराचं टी-4, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, आधी तपासायचं, टॉनिकचं मग बघू.

थायरॉइड जास्त चालणाऱ्या बहुतेक मांजरांत एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फेटेज या एन्झाइमांपैकी एक तरी वाढलेलं सापडतं. जादा हार्मोनमुळे शरीराची भट्टी जोरात पेटते, लिव्हरला ऑक्सिजन कमी पडतो आणि पेशींतले एन्झाइम रक्तात उतरतात. फॉस्फेटेजचा काही भाग तर हाडांतून येतो. बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) मात्र सहसा नॉर्मलच असतं. डोळे पिवळे दिसले किंवा एसजीपीटी 500 च्या वर गेलं, तर सगळं थायरॉइडवर ढकलू नका, सोनोग्राफी करा.

परभणी, उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे. बाकी गावांतून नमुना बऱ्याचदा माणसांच्या लॅबमध्येच जातो. तिथल्या रिपोर्टवर माणसाची रेंज, म्हणजे नॉर्मलची मर्यादा, छापून येते आणि तीच घात करते. माणसाचं टी-4 साधारण 4.5 ते 12, मांजराचं 0.8 ते 4.7 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे मांजराचं 7 आलं तर कागदावर नॉर्मल, प्रत्यक्षात आजार पक्का. फॉस्फेटेजचंही तसंच. 110 माणसाला चालतं, मांजराला नाही; मांजराच्या रक्तात ते जेमतेम सहा तासांत निम्मं होतं, त्यामुळे थोडी वाढही मनावर घ्यायची. आणि माणसाच्या किटवर मांजराचं टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) करू नका, पैसे वाया.

रक्त दोनेक मिली, लाल टोपीच्या ट्यूबमध्ये. जांभळ्या टोपीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) फॉस्फेटेज खोटंच कमी दाखवतं, ती ट्यूब फक्त सीबीसीला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीला. अर्धा तास गोठू द्यायचं, लगेच सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये फिरवून सीरम (वरचं पाणी) वेगळं करायचं. मे महिन्यात न फिरवलेली ट्यूब एसटीच्या पार्सलनं लातूरला पाठवली, तर तांबड्या पेशी फुटतात आणि एसजीओटी फुकट वाढतं. बर्फ ट्यूबला थेट लावू नका, मध्ये कापड ठेवा.

औषध म्हणजे थायरॉइडचं हार्मोन कमी करणारं कार्बिमाझोल, माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं. सुरुवात बहुधा 2.5 ते 5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. नेमका डोस डॉक्टर ठरवतील. गोळी कुटून दुधात टाकू नका. घरात कोणी गरोदर असेल तर तिनं गोळीला हात लावू नये.

दोन ते चार आठवड्यांनी टी-4, एसजीपीटी, सीबीसी आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) पुन्हा. टी-4 उतरलं की एन्झाइम आठवड्या-महिन्यांत आपोआप खाली येतात. टी-4 उतरूनही एसजीपीटी चढतच राहिलं, मांजर ओकतंय, तोंड खाजवून रक्त काढतंय, तर संशय गोळीवरच: डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. क्रिएटिनिन मात्र उपचारानंतर वाढू शकतं. किडनी आधीच दुबळी असते. थायरॉइडच्या जोरावर रक्त भरपूर गाळलं जात होतं आणि स्नायू झडलेले, म्हणून तोवर ते दिसत नव्हतं.