नुसतं घूं

माइक हातात आला की माणसाला 'हॅलो, हॅलो, एक दोन तीन' याच्यापलीकडे काही सुचत नाही. मलाही नाही. माझा रेकॉर्डर चष्म्याच्या घरापेक्षा थोडा मोठा. वर दोन माइक एकमेकांवर तिरके बसवलेले, टाळी द्यायला निघालेत असे. तो घेतला तेव्हा पहिले आठ दिवस मी घरात काही शिल्लक ठेवलं नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, किल्ल्यांचा जुडगा झाला, फ्रिजची घरघर झाली. मग बुधवारी तो घेऊन गंगेवर गेलो. (आम्हां नाशिककरांची गोदावरी म्हणजे गंगाच.) बाजार भरला होता. कोथिंबिरीची जुडी झटकून पाणी उडवतात तो आवाज इतका स्वच्छ आला, की घरी ऐकताना मी मान मागे घेतली. वारा मात्र भसाभसा आत शिरला होता, कारण माइकची स्पंजची टोपी घरीच राहिली होती.

ढोलपथकाच्या सरावाला नेला, तर लेव्हलची पट्टी लाल होऊन तिथेच बसली. नाशिक ढोल टिपायचा तर लेव्हल आधी उतरवावी, आणि मग आणखी उतरवावी. आवाजाच्या लाटेचा माथा एकदा कापला गेला की नंतर कितीही हळू लावा, फाटलेलं ते फाटलेलंच.

एवढं झाल्यावर आपल्याला यातलं कळतं असं वाटू लागलं. नेमकं तेव्हाच पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळाचं बोलावणं आलं. पेटीवरचे नाना अजून 'टेप कर' असंच म्हणतात. साऊंडवाल्याने मिक्सरच्या मागे बोट दाखवलं, "इथनं लाईन घ्या, एकदम क्लियर येईल." मिक्सरला कॅनन, म्हणजे तीन पिनांचं जाडजूड गोल सॉकेट. माझ्याकडे ईपी पिन, म्हणजे हेडफोनला असते ती बारीक, डाव्या-उजव्या कानाची. तशी तयार वायर मी आदल्या दिवशी एम. जी. रोडवरून आणून ठेवली होती. पिन दोन्हीकडे खटकन बसली, म्हणजे जोडणी झाली, असा माझा समज. वायर पिनेपाशी वाकवून, हलवून पाहिली. खरखर नाही. हेडफोन लावला. पखवाज, टाळ, पेटी, सगळं येतंय. एकच जरा चमत्कारिक वाटलं. बुवांचा आवाज समोरून न येता दोन्ही कानांच्या मागून, डोकं सोडून बाहेरूनच येत होता. हॉल घुमतोय, असं म्हणून मी सोडून दिलं.

रात्री अभंग ग्रुपवर टाकला. पंधरा मिनिटांत नानांचा फोन.

"अरे, हे काय पाठवलंस? नुसतं घूं वाजतंय."

"नाना, आवाज वाढवा."

"वाढवला. मोठं घूं वाजतंय."

बाकीच्यांचंही तेच. मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं, तर अभंग खणखणीत. सकाळी नानांनी ठेवणीतलं काढलं. "विष्णु दिगंबर पलुस्करबुवांनी याच पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला. त्यांच्या पंचवटीत राहून तुला एक अभंग धड टेप करता येईना?" यावर काय बोलणार? हेडफोन काढून मी माझ्या फोनच्या स्पीकरवर लावलं. खरंच घूं. बुवा नाहीत, पखवाज नाही, तळाशी कुठेतरी टाळांची बारीक पुसट किणकिण. आणि घूं.

दोन दिवस मी या भुताच्या मागे होतो. शेवटी पिनेचं टोपण फिरवून उघडलं. कॅननला तीन पिना असतात. पहिली वायरीवरच्या जाळीची, म्हणजे अर्थिंगची. दुसरीतून आवाज जातो आणि तिसरीतूनही तोच आवाज जातो, पण उलटा. दुसरीत लाट वर चढली की तिसरीत ती तेवढीच खाली उतरते. हे मुद्दाम केलेलं असतं. लांबच्या वायरीला वाटेत जी विजेची भुणभुण चिकटते, ती दोन्ही तारांना सारखीच चिकटते. पलीकडचं यंत्र एकीतून दुसरी वजा करतं. भुणभुण जाते, गाणं दुप्पट होऊन उरतं. ज्याने हे पहिल्यांदा योजलं असेल त्याला साष्टांग नमस्कार.

माझ्या वायरीत मात्र दुसरी पिन डाव्या कानाला जोडली होती आणि तिसरी उजव्याला. रेकॉर्डर बिचारा वजाबाकी करत नाही. त्याने सुलटा बुवा डावीकडे ठेवला, उलटा उजवीकडे. हेडफोनमध्ये दोघे आपापल्या कानात सुखाने गात होते. नानांच्या फोनला स्पीकर एकच. त्याने डावं-उजवं एकत्र केलं, आणि सुलट्यात उलटा मिळवल्यावर बुवा शून्य. उरलं ते दोन्हीकडे सारखं असलेलं. रेकॉर्डर मी चार्जरला लावून ठेवला होता, त्याच्या वायरीतून आलेली ५० हर्ट्झची विजेची गुणगुण. भुणभुण घालवून गाणं ठेवायला केलेल्या जोडणीतून मी गाणं घालवून भुणभुण ठेवली होती, तीही अगदी निगुतीने.

उपाय दहा मिनिटांचा होता. तिसऱ्या पिनेची तार तोडली, दुसरीचीच दोन्ही कानांकडे नेऊन सोल्डर मारला. बोट भाजलं. जुन्या रेकॉर्डिंगमधली उजवी बाजू पुसून डावीच दोन्हीकडे ठेवली, आणि बुवा परत आले. या खेपेला ग्रुपवर टाकण्याआधी नानांच्या घरी गेलो, त्यांचाच फोन पेटीच्या खोळीवर ठेवला आणि अभंग लावला.

नानांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. तिसऱ्या कडव्यात एकदा कपाळाला आठी पडली. संपल्यावर म्हणाले, "छान आलंय. पण आधीच्यात माझी ती चुकलेली पट्टी ऐकू येत नव्हती, तेवढं त्याचं बरं होतं."