पिवळ्या दोन गोळ्या

आईला तोंड आलंय, एवढंच सुरुवातीला वाटलं. साताऱ्याहून फोनवर म्हणाली, "उष्णता झालीय गं, सब्जा घेतेय." जवळच्या डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स आणि तोंडात लावायला जेल दिलं. चार दिवसांनी मी पोचले तेव्हा तिला पेजेचा घोटही गिळवत नव्हता. ओठांच्या आत सोललेले पांढरट चट्टे, अंगात ताप, आणि मार लागलेला नसताना दंडावर काळेनिळे डाग.

आईला आमवात आहे. त्यासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, सोमवारी. बाकीचे दिवस, त्याचा त्रास होऊ नये म्हणून, फोलिक अ‍ॅसिड. दोन्ही गोळ्या बारीक, पिवळ्या. या खेपेला दुकानदाराने स्ट्रिपा कापून दिल्या होत्या. सुपारीच्या जुन्या डबीतले ते तुकडे मी उलटेपालटे करून पाहिले. रोजच्या गोळ्या जवळजवळ होत्या तेवढ्याच, आणि सोमवारच्या संपत आलेल्या. आठ दिवस अदलाबदल झाली होती. माझे हातपाय गार पडले.

डबी तशीच उचलली आणि तिला घेऊन पुण्याला निघाले. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी पहिल्यांदा गोळ्याच मागितल्या, त्यामुळे निदानात वेळ गेला नाही. पांढऱ्या पेशी ९००, म्हणजे निदान ४,००० हव्यात तिथे. प्लेटलेट दीड लाखाऐवजी १८,०००. क्रिएटिनिनही वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नव्हतं. मेथोट्रेक्सेट लघवीवाटे बाहेर पडतं, आणि गुडघ्यांसाठी ती मनानेच घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडाचं ते काम आणखी मंदावलं होतं. "मग फोलिक अ‍ॅसिडच जास्त द्या ना," मी म्हणाले. डॉक्टरांनी न चिडता समजावलं: मेथोट्रेक्सेट फोलिक अ‍ॅसिडला शरीरात कामाला लागूच देत नाही. भराभर वाढणाऱ्या पेशींना त्याचा फटका आधी बसतो, म्हणून तोंड, आतडी आणि रक्तपेशी बनवणारा हाडांमधला मगज. उतारा म्हणजे ल्युकोव्होरिन, ते अडलेली पायरी ओलांडून थेट कामाला येतं. भावाने ते रात्री कॅन्सरची औषधं ठेवणाऱ्या दुकानातून आणलं.

दर सहा तासांनी ते इंजेक्शन. सलाइनमधून सोडियम बायकार्बोनेट, कारण लघवी आम्लधर्मी असली तर मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडात साचून बसतं. सिस्टर लघवीत पट्टी बुडवून तिचा रंग बाटलीवरच्या चौकोनांशी ताडून बघायच्या. आकडा सातच्या वर, म्हणजे लघवी आम्लधर्मी नाही ना, एवढं मी दर वेळी विचारायचे. पेशी वाढवणारं इंजेक्शन, अँटिबायोटिक्स, आणि प्लेटलेटच्या फिकट पिवळ्या पिशव्या. वेगळी खोली, मास्क, आत एकच माणूस.

सगळ्यात वाईट तिसरा दिवस. उपचार चालू असूनही पेशी ६०० वर आल्या. मगजाला आधीच बसलेला मार रक्तात दिसायला दिवस लागतात, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तरी रिपोर्ट हातात घेऊन मी जिन्यात बसून रडले. आई मात्र खुणेने विचारायची, जेवलीस का.

सातव्या दिवशी १,४००, नवव्या दिवशी ३,२००. त्या सकाळी तिने कोमट वरणाचं पाणी पाच चमचे घेतलं आणि कितीतरी दिवसांनी नीट बोलली, "मीठ कमी आहे."

मेथोट्रेक्सेट आता बंद आहे. नवीन औषधाची मी अख्खी स्ट्रिप घेते, कापलेली दिली तर परत करते. त्या दुकानदारालाही जाऊन सगळं सांगितलं, रिपोर्ट दाखवले. सुपारीची डबी आईने मोलकरणीला देऊन टाकली.