काकूंचा ‘स्लो’ फायरफॉक्स

शिवाजीनगर कोर्टाच्या परिसरात टायपिंग करून आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका काकू माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचा फोन आला तोच निर्वाणीच्या सुरात. “अरे, नवा कॉम्प्युटर घ्यायचा की नाही, तेवढं सांग. ब्राउझर जाम स्लो झालाय. भाचा म्हणतो, घेऊन टाक.”

भाचा हिंजवडीत. आमच्या धंद्यात हिंजवडीतला भाचा हे एक स्वतंत्र प्रकरण असतं. कोड लिहितो म्हणजे मशीनमधलंही कळतं, असा घरच्यांचा समज, आणि तो दूर करायची भाच्यालाही घाई नसते.

मशीनला काही धाड भरली नव्हती. ८ जीबी रॅम, एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, तर मीच मागे तपकीर गल्लीतून आणून बसवलेली. ‘फॉरमॅट मारू’ हे आमच्या लोकांचं रामबाण औषध काढायची गरज नव्हती. (निम्म्या वेळा ते औषध रोगासाठी नसतंच, रोग शोधायचा कंटाळा असतो म्हणून देतात.)

अ‍ॅड्रेसबारमध्ये अबाउट:कॉन्फिग (फायरफॉक्स ब्राउझरच्या आतल्या सेटिंग्जचं पान) टाकलं, सावधगिरीची पाटी ओलांडली आणि फक्त बदललेल्या सेटिंग्ज दाखव म्हटलं. भाच्याची करामत समोर आली. ‘फायरफॉक्स सुसाट करा’ छापाचे सल्ले कुठून तरी जसेच्या तसे उतरवलेले. पाइपलायनिंग चालू, एका दमात ३० विनंत्या, वगैरे. पाइपलायनिंग म्हणजे पहिल्या विनंतीचं उत्तर यायच्या आधीच त्याच जोडणीवरून पुढची विनंती रेटायची. एके काळी याचा थोडाफार उपयोग होतही असे. पण २०१५ मध्ये एचटीटीपी/२, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरनं आपसात बोलायची नवी पद्धत, आली, तिच्यात एका जोडणीवर अनेक विनंत्या एकदम चालतात, आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सनं पाइपलायनिंग काढूनच टाकलं. आता त्या ओळींपुढे कचरापेटीचं चिन्ह दिसतं. म्हणजे, हे नाव मला ठाऊक नाही, हवं तर फेकून द्या.

या निरुपयोगी ओळींनी निदान नुकसान तरी केलं नव्हतं. नुकसान केलं होतं दुसऱ्याच एका ओळीनं: एसएसडी झिजू नये म्हणून भाच्यानं डिस्कवरची कॅश, म्हणजे एकदा उतरवलेलं पुन्हा वापरायला जपून ठेवायची सोय, बंद केली होती. त्यामुळे रोज सकाळी प्रत्येक साइटचा लोगो, फाँट, स्क्रिप्ट सगळं नव्यानं उतरवून घ्यायचं! मी कॅश चालू केली, फायरफॉक्स बंद करून उघडला, तर कॅश पुन्हा बंद. असं झालं की प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये यूजर.जेएस नावाची फाइल शोधायची. दर वेळी सुरू होताना फायरफॉक्स ती वाचतो आणि तुम्ही केलेले बदल पुसून तिच्यातले बसवतो. ती उडवली, कॅश पुन्हा चालू केली. एकाच कामाला जुंपलेल्या दोन अ‍ॅडब्लॉकरपैकी एक काढला, कुपनं शोधणारं एक एक्स्टेन्शन काढलं. काकूंनी त्यातून आजवर एक रुपया वाचवलेला नव्हता.

बाकीच्या साइट टकाटक उघडायला लागल्या. पण ज्या सरकारी पोर्टलवर काकूंचं निम्मं काम चालतं, ते ढिम्म हलेना. एफ१२ दाबून नेटवर्कच्या टॅबमध्ये पाहिलं. फॉर्मचं पान यायला १५ सेकंद, त्यातले १४ नुसते ‘वेटिंग’. म्हणजे आपली विनंती पोचलेली, तिकडून पहिला बाइट यायची वाट. माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावून पाहिलं, तेच. काकूंना ती लांबलचक पट्टी दाखवली आणि सांगितलं, हे दुखणं आपल्याकडचं नाही, सर्व्हरचं आहे.

“मग तू इतका वेळ काय केलंस?”

प्रश्न रास्त होता. मी गप्प बसून त्या काम कसं करतात ते पाहिलं. तसं आधी कोणी बघतच नाही, सगळ्यांचं लक्ष सेकंदांवर. काकू पोर्टल उघडायच्या, ते येईपर्यंत बसून राहायच्या, मग चलनाचं पान, मग ई-कोर्ट्स, मग मेल. दर वेळी मुखपृष्ठावरून, सूचनेची खिडकी बंद करत. स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची, अक्षर मोठं केलेलं, त्यामुळे ‘सबमिट’ कायम खाली दडलेलं.

चारही पानं ‘सकाळ’ नावाच्या बुकमार्क फोल्डरमध्ये टाकली. फोल्डरवर माउसचं चाक दाबलं की चारही एकदम उघडतात. चार शेगड्या एकदम पेटवल्यासारखं; पोर्टल रखडतं तोवर मेल वाचून होतो. पोर्टलचा टॅब मात्र एकच, दुसरा उघडला की ते बाहेर काढतं. अक्षर लहानमोठं करायची बटणं टूलबारवर आणली. वरच्या पट्ट्या बारीक करणारी ‘कॉम्पॅक्ट’ मांडणी फायरफॉक्सवाल्या मोझिलानं २०२१ पासून सहज सापडू नये अशी ठेवली आहे, ती अबाउट:कॉन्फिगमधून उघड केली, आणि ‘सबमिट’ दिसायला लागलं. हे करताना मला जी मजा आली, ती भाच्याला कळणार नाही.

काही दिवसांनी पैसे घ्यायला गेलो. काकू खूश. “नवा कॉम्प्युटर रद्द. केवढं फास्ट झालंय!” मी सवयीनं एफ१२ दाबलं. वेटिंग, १४ सेकंद. मी पट्टीकडे बोट दाखवलं, तर म्हणाल्या, “ते तुझे आकडे तुझ्यापाशी ठेव.”

बिलावर मी ‘ब्राउझर सर्व्हिस’ लिहिलं, कारण जे केलं त्याला आमच्या दरपत्रकात रकानाच नाही. आता शेजारच्या टेबलावरच्या वकिलाच्या क्लार्कनं ‘काकूंसारखं फास्ट’ करून मागितलंय. पोर्टल तेच, सर्व्हर तोच. हो म्हणून बसलोय, पण त्याला पैसे किती सांगायचे ते अजून ठरत नाही.