गिट ब्लेममध्ये अख्खी फाईल एकाच्याच नावावर, सीआरएलएफचा घोळ कसा निस्तरला

आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, इकडच्या धान्याच्या व्यापाऱ्यांसाठी, पीएचपीतलं, बरंच जुनं. त्यात जीएसटीच्या राउंडिंगची एक ओळ आहे, तिला हात लावायची कोणाची हिंमत होत नाही. मार्च एंडिंगच्या तोंडावर एका कस्टमरच्या बिलात पैशांचा फरक यायला लागला तेव्हा सर एवढंच म्हणाले, ही ओळ कोणी टाकली अन् काहून टाकली ते पाहून सांग. म्हणजे पाच मिनिटांचं काम, गिट ब्लेम मारायचं (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची कमांड, कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवते) अन् नाव सांगायचं.

मारला ब्लेम तर माझ्या विंडोजच्या मशीनवर प्रत्येक ओळीपुढे शून्यांची रांग अन् 'नॉट कमिटेड येट'. गिटच्या मते पूर्ण फाईल मी आत्ताच बसून लिहिली, अन् तिकडे गिट स्टेटस म्हणतंय सगळं क्लीन, म्हणजे काहीच बदललेलं नाही. मग ब्राउझरमध्ये रिपॉझिटरी, म्हणजे आमच्या कोडचा सामायिक साठा, उघडून तीच फाईल पाहिली तर तिथं तिसरंच, सगळ्या ओळी आमच्या एका ज्युनिअरच्या नावावर. त्याला विचारलं तर तो भडकलाच, "मी तं फक्त तीन ओळी बदलल्या दादा, बाकीचं कायले माझ्या अंगावर टाकून राहिले?" पोरगा खरं बोलत होता.

इथं दोन वेगवेगळे घोळ होते अन् ते एकच समजून शोधत बसलं की डोकं फिरतं.

पहिला घोळ माझ्या मशीनचा. ब्लेमला कमिट, म्हणजे गिटमध्ये साठवलेली कोणती नोंद बघायची ते, सांगितलं नाही तर तो तुमच्या डिस्कवरची फाईल घेतो, ती आत टाकताना जशी होईल तशी करतो, अन् मग शेवटच्या कमिटशी ताडून पाहतो. आमच्या रेपोत फाईल सीआरएलएफने साठवलेली होती, म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन बाइट, 0डी (सीआर) अन् 0ए (एलएफ), ही विंडोजची पद्धत, लिनक्सवर नुसता एलएफ. त्यात कोणीतरी डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये (फाइलींचे नियम लिहायची गिटची फाईल) पीएचपी फाइलींपुढे नुसतं 'टेक्स्ट' लिहून ठेवलं होतं, म्हणजे आत जाताना सीआर काढा. पण आधीपासून आत असलेल्या फाइलींना कोणी हात लावला नव्हता. त्यामुळे ताडताना एका बाजूला एलएफ अन् दुसऱ्या बाजूला सीआरएलएफ, एकही ओळ जुळेना. स्टेटस क्लीन दिसत होतं कारण चेकआउटनंतर फाईल बदललीच नव्हती, त्यामुळे गिटने ती उघडूनही पाहिली नाही. एक स्पेस टाकून काढा अन् सेव्ह करा, लगेच मॉडिफाइड दाखवतं.

हे मला कळलं ते गिट एलएस-फाइल्स डॅश डॅश ईओएल या कमांडमुळे. प्रत्येक फाइलीपुढे तीन खाने येतात, आय म्हणजे इंडेक्समध्ये, गिटच्या आत, काय आहे, डब्ल्यू म्हणजे डिस्कवर काय आहे, अन् अ‍ॅट्र म्हणजे नियम काय सांगतो. माझ्याकडे आय सीआरएलएफ, डब्ल्यू सीआरएलएफ, अ‍ॅट्र टेक्स्ट. नियम एक म्हणतोय अन् आत माल दुसराच आहे, चोर तिथंच सापडला. नेटवर शोधलं तर जो तो ऑटोसीआरएलएफ (ओळींचे शेवट आपोआप बदलणारी सेटिंग) बंद करा म्हणून सांगतो. जुन्या गिटमध्ये त्या सेटिंगनेही ब्लेम असाच बिघडायचा, पण ते 2016 सालच्या 2.9 व्हर्जनमध्ये सुधारलंय, अन् आमच्याकडे अ‍ॅट्रिब्यूट्सचा नियम असल्यामुळे त्या सेटिंगचा काही संबंधच नव्हता. तात्पुरता इलाज सोपा, ब्लेमला हेड, म्हणजे शेवटचं कमिट, असं स्पष्ट सांगा, मग तो डिस्ककडे बघतच नाही.

तसं केलं तर ब्राउझरसारखंच आलं, सगळं त्या पोराच्या नावावर. आता दुसरा घोळ. त्याचं कमिट उघडलं, मेसेज 'मायनर चेंजेस', अन् जेवढ्या ओळी खोडल्या जवळपास तेवढ्याच नव्या टाकल्या. असा आकडा दिसला की आधी लाईन एंडिंगचा, म्हणजे ओळींच्या शेवटाचा, संशय घ्या. गिट शोला डॅश डॅश इग्नोर-सीआर-अ‍ॅट-ईओएल लावलं तर खरंच तीनच ओळी उरल्या. त्याच्या एडिटरने सेव्ह करताना पूर्ण फाईल सीआरएलएफ करून टाकली होती, व्हीएस कोडमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, पण तिकडे बघतो कोण.

मग ब्लेमला डॅश डब्ल्यू लावलं, म्हणजे स्पेसचा फरक सोडून दे, अन् सगळी जुनी नावं परत आली. राउंडिंगची ती ओळ निघाली कंपनी सोडून गेलेल्या एका मॅडमची, अन् कमिटच्या मेसेजमध्ये चक्क लिहिलेलं, कस्टमरच्या सीएने फोनवर सांगितल्यामुळे बदल. सरांना तेवढं दाखवलं अन् त्यांचं काम झालं. डॅश डब्ल्यू बघण्यापुरतं मस्तच आहे, पण पायथनवाल्यांनी जपून, तिथं इंडेंटही कोडच असतो अन् हा तोही सोडून देतो.

कायमचं ठीक करायला आधी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की आपापल्या ब्रँच मर्ज करून घ्या. मग गिट अ‍ॅड डॅश डॅश रीनॉर्मलाइज, म्हणजे आतल्या फाइली नियमाप्रमाणे पुन्हा साठव, अन् त्याचं वेगळं कमिट, त्यात दुसरी एकही ओळ नाही. यावर मी अडूनच बसलो, कारण एंडिंगसोबत खरा बदल घुसला की पुन्हा तोच तमाशा. त्या कमिटचा पूर्ण 40 अक्षरी हॅश, म्हणजे त्याची ओळख, डॉट-गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ज नावाच्या फाइलीत टाकला अन् ब्लेम डॉट इग्नोररेव्जफाइल हे कॉन्फिग तिच्याकडे वळवलं, म्हणजे ब्लेम त्या यादीतली कमिटं वगळून नाव दाखवतो. ही सोय 2.23 पासून, म्हणजे 2019 पासून आहे. गिटहबवर त्याच नावाने फाईल मुळाशी ठेवली तर ते आपोआप वाचतं, पण आपल्या मशीनवर कॉन्फिग ज्याचं त्यालाच करावं लागतं, रेपोसोबत ते येत नाही.

पोराचं जुनं कमिटही त्या यादीत टाकायचं का यावर आमची जरा वादावादी झाली, कारण टाकलं तर त्याच्या तीन खऱ्या ओळी दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतात. मी म्हटलं टाका, अन् मार्कइग्नोर्डलाइन्स चालू करा, म्हणजे वगळलेल्या कमिटवरून पुढे ढकललेल्या ओळींपुढे प्रश्नचिन्ह येतं, बघणाऱ्याला कळतं की हे अंदाजाने आहे. शेवटी तेच ठरलं.

अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये शेल स्क्रिप्टला ईओएल एलएफ अन् बॅट फाइलीला ईओएल सीआरएलएफ असं स्पष्ट लिहिलंय. एका ब्रँचचं मर्ज राहूनच गेलं होतं, तिथं पूर्ण फाइलीचा कॉन्फ्लिक्ट आला, पण मर्जला डॅश मोठा एक्स रीनॉर्मलाइज दिलं अन् फक्त खरे बदल समोर आले. इग्नोर फाइलीचं कॉन्फिग मात्र अजून दोघांनी केलेलं नाही, ते अधूनमधून येऊन विचारतात की ही फाईल तुम्हीच लिहिली का भाऊ.