‘नीअरेस्ट’ने नाचवलेला कूलर: तीन नोड, मे महिना

कूलरच्या पंपाचा रिले (विजेचा स्विच) सारखा टकटक करत चालू-बंद होत होता, त्याचं कारण सापडलं. सेन्सर बरा, रिले बरा, अर्ध्या अंशाचा हिस्टेरिसिसही (चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतलं अंतर) जागेवर. दोष रीड प्रेफरन्सचा निघाला, म्हणजे डेटाबेसच्या कोणत्या प्रतीतून वाचायचं या सेटिंगचा.

मांडणी अशी: सेन्सरच्या नोंदींचा डेटाबेस नागपुरात तीन ठिकाणी, तीन नोडवर (संगणकांवर), एकसारखा ठेवलेला आहे. धरमपेठेत एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी (प्रायमरी, म्हणजे नव्या नोंदी घेणारा मुख्य नोड; प्रायॉरिटी २), मानेवाड्यात तसाच दुसरा, हिंगण्यात रास्पबेरी पाय ५ (हे दोन सेकंडरी, प्रायमरीची नक्कल ठेवणारे), आणि तिघांमध्ये वायरगार्डचं व्हीपीएन. सगळीकडे मोंगोडीबी ७.०. पाय ४ वर हे चालवायचा नाद कोणी करू नये. ५.० पासूनच्या अधिकृत बायनरीला एआरएमव्ही८.२ ही प्रोसेसर-रचना लागते, पाय ४ चा प्रोसेसर ८.० वर थांबतो, त्यामुळे सुरू होताक्षणीच ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’. जुन्या जे४१२५ प्रोसेसरवाल्या डब्यांचीही तीच गत, कारण त्यांत एव्हीएक्स हा सूचना-संच नाही.

आता दुखणं. धरमपेठेतला कूलरचा प्रोग्राम दर १० सेकंदांनी शेवटची नोंद वाचतो, रीड प्रेफरन्स ‘नीअरेस्ट’. स्वतःचाच नोड १ मिलिसेकंदावर आहे, मग तोच वाचला जाणार, हे गृहीत धरलं आणि तिथेच फसगत झाली. ‘नीअरेस्ट’ सगळ्यांत जवळचा एक नोड निवडत नाही. सर्वांत कमी पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) अधिक लोकल थ्रेशोल्ड (त्यावरची सूट), एवढ्या खिडकीत बसणारे सगळे नोड तो पात्र धरतो आणि त्यांतून मनाला येईल तो उचलतो. थ्रेशोल्ड मुळातच १५ मिलिसेकंद. मानेवाडा ९ वर, हिंगणा १४ वर, खिडकी १६ पर्यंत. म्हणजे तिघेही आत! गावातल्या गावात नोड ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे.

दुसरी मेख म्हणजे पिंगला लॅग, म्हणजे नोड नोंदींत किती मागे पडलाय ते, कळत नाही. हिंगण्याचा पाय ड्रायव्हरच्या (डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीच्या) ‘हॅलो’ला १४ मिलिसेकंदांत उत्तर देतो, पण त्याच वेळी त्याच्यावर आलेखांसाठी वर्षभराच्या नोंदींची गोळाबेरीज करणारं अ‍ॅग्रीगेशन चालू असतं, त्यामुळे ऑपलॉग (प्रायमरीवरच्या बदलांची यादी) मागे पडतो. मोजला तेव्हा लॅग चार मिनिटांवर होता. एका वाचनात ३४.८ अंश, पुढच्या वाचनात चार मिनिटांपूर्वीचे ३३.२, मग परत ३४.८. पंप बिचारा काय करणार? फ्लो कंट्रोल (लॅग वाढला की प्रायमरीवरच्या लेखनाचा वेग कमी करणारी सोय) इथे मदतीला येत नाही. तो बहुमताचा लॅग पाहतो, आणि तिनातले दोन नोड वेळेवर असले की त्याच्या लेखी सगळं आलबेल.

पहिला उपाय मॅक्स-स्टेलनेस, म्हणजे ठरलेल्या सेकंदांहून जास्त मागे पडलेला नोड वाचायचाच नाही. ३० सेकंद दिले तर ड्रायव्हर सरळ एरर देतो, किमान ९० लागतात. ९० ठेवल्यावर चार मिनिटांचा लॅग पकडला गेला, टकटक कमी झाली, पण थांबली नाही. ४० सेकंदांचा लॅग त्या जाळीतून आरामात निसटतो. हा पर्याय बंद पडत आलेला नोड बाजूला काढण्यासाठी आहे, ताजेपणाची हमी म्हणून नाही.

दुसरा उपाय कॉजल सेशन (एकदा वाचलेल्याहून जुनं न दाखवणारं), मेजॉरिटी रीड आणि मेजॉरिटी राइटसह (बहुमताच्या नोडांवर पोचलेलंच धरायचं). आकडे मागे जाणं बंद. पण हिंगण्याच्या वाट्याला आलेलं वाचन तो नोड गाठ घेईपर्यंत अडकून राहतं. मॅक्स-टाइम (थांबायची कमाल मुदत) २ सेकंद लावला तर टकटकीच्या जागी एररची रांग. कूलरसाठी बेकार.

शेवटी थ्रेशोल्ड ५ केला. खिडकी ६ पर्यंत आली, मानेवाडा आणि हिंगणा दोन्ही बाहेर, आणि रिले दुपारभर गप्प. ४५ अंशांच्या दुपारी पंपाचा सलग आवाज म्हणजे संगीतच, राजेहो.

हिंगण्याचा पाय मागे का पडतो, त्याची दोन कारणं आहेत. एक, ८० अंशांच्या पुढे तो आपला वेग उतरवतो. पायच्या व्हीसीजेनसीएमडी या आज्ञेच्या गेट-थ्रॉटल्डमध्ये बिट १८ चढलेला होता, म्हणजे रीबूटनंतर केव्हातरी थ्रॉटलिंग झालंय. पत्र्याच्या खोलीत, पंख्याविना, दुसरं काय होणार? दुसरं, वीज. सीताबर्डीत ‘पाय ५ ला चालतो’ म्हणून गळ्यात मारले जाणारे मोबाईल चार्जर ५ व्होल्टला ३ अँपिअरच देतात. तेवढ्यावर पाय सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच सोडतो आणि एसएसडी अडखळते. डब्यावरच्या वॅटवर जाऊ नका, ५ व्होल्टपुढे ५ अँपिअर छापलंय का ते पाहा. सप्लाय बदलला, अ‍ॅक्टिव्ह कूलर चढवला, लॅग आता १५ सेकंदांच्या आत.

आलेखांसाठी रीड प्रेफरन्स ‘सेकंडरी’ आणि ‘काम: आलेख’ हा टॅग (नोडला लावलेली खूण), जो फक्त हिंगण्यावर आहे. इथला खड्डा लक्षात ठेवा. हिंगण्याची वीज गेली की पान ३० सेकंद लटकतं आणि मग ‘योग्य सर्व्हर नाही’. टॅगच्या यादीत शेवटी रिकामा संच घातला की ड्रायव्हर दुसऱ्या सेकंडरीकडे वळतो. यादी क्रमाने तपासली जाते, म्हणून रिकामा संच शेवटीच. पहिल्या जागी ठेवलात तर टॅगला काही अर्थच उरत नाही.

कूलरला ‘प्रायमरी’ लावून मोकळं व्हायचं ठरत होतं. पण धरमपेठेचं इंटरनेट गेलं की त्या नोडला बहुमत दिसत नाही, साधारण १० सेकंदांत तो पायउतार होतो, आणि वाचनच थांबतं. ‘प्रायमरी-प्रेफर्ड’ (शक्यतो प्रायमरी, नाहीतर सेकंडरी) ठेवलं तर घरचा नोड वाचता येईल, पण प्रायमरीच दिसत नसल्याने सेन्सरच्या नव्या नोंदी त्यात येणार कुठून? जुनाच आकडा पुन्हा पुन्हा. मुळात पंपाचा निर्णय डेटाबेसला विचारून घ्यायचाच कशाला? सेन्सर एमक्यूटीटीवर (उपकरणांच्या संदेशांच्या पद्धतीवर) बोलतोच, ते संदेश वाटणारा ब्रोकरही त्याच घरात आहे. पंप थेट तिथून चालेल, डेटाबेसकडे फक्त नोंद जाईल. थ्रेशोल्डची सगळी कसरत मग आलेखाच्या पानावरच्या ‘आत्ताचे तापमान’ या एका चौकटीपुरती उरते, आणि तिथे ‘प्रायमरी-प्रेफर्ड’ पुरेसं आहे.

मग हिंगणा हिडन करावा का? हिडन सदस्य क्लायंटला दिसतच नाही, म्हणजे टॅगही गेला. रात्रीच्या अहवालापुरतं डायरेक्ट कनेक्शनने त्याच्यावर जाता येईल, पण दिवसाचे आलेख मानेवाड्यावर पडतील, आणि त्या एन१०० मध्ये आठच जीबी रॅम आहे, म्हणजे वायर्डटायगरचा (मोंगोडीबीच्या साठवण-इंजिनचा) कॅश साडेतीन जीबी. वर्षभराचं अ‍ॅग्रीगेशन त्यात मावतं का, ते आधी मोजायचं. तोवर टॅग राहू द्या.