डिस्नीचा डायनिंग प्लॅन घ्यावा का? आमच्या बहुतांश शाकाहारी घराचा हिशोब (माझा अनुभव)

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी हेच विचारलं, की ऑर्लँडोला वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जातोय, तर तो आधी पैसे भरून घ्यायचा जेवणाचा प्लॅन घेऊ का नको. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. आम्ही २०२४ च्या जुलैमध्ये गेलो होतो, अटलांटाहून गाडीने, मी, नवरा, ११ वर्षांचा मुलगा, ६ वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून आलेले माझे आई-बाबा. खालचे सगळे दर त्या वर्षीचे आहेत, दरवर्षी थोडे बदलतात, त्यामुळे आकडे तुमचे तुम्ही घाला, पण हिशोबाची पद्धत तीच राहते.

आधी एक महत्त्वाचं. हा प्लॅन २००५ मध्ये सुरू झाला, २०२० मध्ये कोविडमुळे बंद पडला आणि ९ जानेवारी २०२४ पासून परत आला. त्यामुळे शोधायला बसलं की निम्मी माहिती जुनी सापडते, त्यात डिलक्स, प्लस असली नावं, दिवसाला दोन स्नॅक वगैरे. ते सगळं सोडून द्या. परत आल्यावर दोनच प्लॅन ठेवलेत. एक क्विक सर्व्हिस, म्हणजे काउंटरवरून घेऊन खायची दोन जेवणं आणि एक स्नॅक. दुसरा नुसता डिस्नी डायनिंग प्लॅन, त्यात एक काउंटरचं जेवण, एक टेबलवर बसून वाढलेलं जेवण आणि एक स्नॅक. दोन्हीत प्रत्येकाला एक मग मिळतो, त्यात रिसॉर्टवर, म्हणजे डिस्नीच्या राहायच्या हॉटेलांत, चहा-कॉफी-सोडा हवा तितका भरून घ्यायचा, पण फक्त रिसॉर्टवर, पार्कमध्ये तो मग चालत नाही.

आणि हे सगळं मोजतात रात्रींवर. पाच रात्री सहा दिवस राहिलात तर जेवणं पाच दिवसांची. मात्र त्यांना तारीख चिकटलेली नसते, पहिल्याच दिवशी सगळं संपवा नाहीतर शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा, चेक-आउटच्या दिवशी मध्यरात्री उरलेलं सगळं बाद होतं आणि पैसे परत मिळत नाहीत.

बाबांना हे समजावताना मेसच्या कूपनांचं उदाहरण कामी आलं. मेसमध्ये तुम्ही दोन पोळ्या खा नाहीतर सहा, कूपन एकच फाटतं, आणि रविवारी फीस्ट असली की दोन फाटतात. इथेही तसंच, तिथल्या भारीतल्या हॉटेलांना, ज्यांना सिग्नेचर म्हणतात, टेबलची दोन क्रेडिट (म्हणजे प्लॅनची कूपनंच) जातात. सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या जेवणालाही दोन. बाबांनी लगेच विचारलं, "म्हणजे कमी खाणाऱ्याचं नुकसानच की गं?" माझ्या मते अख्ख्या प्लॅनचं मर्म या एका प्रश्नात आहे, आणि नुसतं कमी खाणाऱ्याचं नाही तर शाकाहारी माणसाचंही.

कारण क्रेडिटला किंमत नसते, किंमत डिशला असते. काउंटरवर टोफूचा बोल घेतला तरी एक क्रेडिट आणि त्याच्यापेक्षा तीन-चार डॉलरनी महागडी मटणाची डिश घेतली तरी एकच. शिवाय जेवणासोबतच्या ड्रिंकमध्ये २१ वर्षांपुढच्यांना बिअर, वाइनसुद्धा चालते, म्हणजे प्लॅनचा दर ठरवताना ते धरलेलं असणार. जो माणूस मांसाहार करतो, दोन्ही वेळेला बिअर घेतो त्याला प्लॅन सहज परवडतो. जो शाकाहारी आहे, लिंबू सरबत किंवा पाणी पितो तो त्याच दरात स्वस्तातलं खातो.

मी कागदावर मांडलं ते असं. मोठ्यांना क्विक सर्व्हिस रात्रीला ५७.०१ डॉलर, ३ ते ९ वर्षांच्या मुलांना २३.८३. डायनिंग प्लॅन मोठ्यांना ९४.२८, मुलांना २९.६९. आणि दहाव्या वर्षापासून मूल मोठ्यात धरतात, म्हणजे आमचा मुलगा मोठ्यात. सगळे मेनू किमतींसकट त्यांच्या साइटवर आणि अॅपमध्ये असतात, ते उघडून बसले. माझ्यासारखीने काउंटरवर शाकाहारी डिश आणि एक साधं ड्रिंक घेतलं तर टॅक्स धरून साधारण १८ डॉलर, अशी दोन म्हणजे ३६, स्नॅकचे साडेसहा, मगचे रात्रीला साडेचारेक, झाले ४७. आणि प्लॅनचे द्यायचे ५७. म्हणजे माणशी रोज दहा डॉलर जास्तच जाणार, त्यामुळे क्विक सर्व्हिस तिथेच बाजूला ठेवला.

मग डायनिंग प्लॅन. यात एक फट सापडली ती शाकाहारी लोकांनी नीट लक्षात घ्यावी. जिथे मेनूतून एकेक डिश निवडायची असते तिथे आपलं नुकसान, पण जिथे बुफे आहे किंवा ठरावीक दरात जेवण आहे तिथे शाकाहारी-मांसाहारी सगळ्यांना दर एकच. मिकी, डोनाल्ड टेबलाशी येऊन भेटतात ती कॅरेक्टर जेवणं बहुतेक अशीच असतात, संध्याकाळचा दर मोठ्यांना साठच्या आसपास, आणि बहुतेकांना क्रेडिट एकच लागतं. टॅक्स धरून ६४, त्यात काउंटरचे १८, स्नॅकचे आणि मगचे पैसे, सगळं मिळून ९३, म्हणजे प्लॅनच्या जवळपास बरोबरी. नवरा बिअर घेतो, मांसाहार करतो, त्याचे ११० च्या पुढे. आणि लेकीचं तर एका कॅरेक्टर जेवणाचंच बिल चाळीसच्या घरात जातं आणि अख्ख्या दिवसाचा प्लॅन ३० चा. लहान मुलं असतील तर खरा फायदा तिथे आहे, फक्त जिथे मुलांचा मेनू असेल तिथे त्यांना त्यातलंच घ्यावं लागतं.

राहिले आई-बाबा. नवऱ्याचं म्हणणं होतं की त्यांचाही घेऊन टाकू, नाहीतर ते प्रत्येक प्लेटचे रुपये करत बसतील आणि दोन घास कमी खातील, आणि खरंच त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण दोघांचे पाच रात्रींचे ९४२.८० डॉलर होत होते, तेव्हाच्या भावाने अठ्ठ्याहत्तर हजारांच्या वर, आणि आई संध्याकाळी अर्धी वाटी वरणभात खाणारी. त्यात १७ जुलैला आषाढी एकादशी होती, आई आयुष्यात ती सोडणार नाही. म्हणजे एका दिवसाची तिची सगळी क्रेडिट तशीच पडून राहणार.

आता इथे नियम आडवा येतो. एका बुकिंगवर असलेल्या ३ वर्षांवरच्या सगळ्यांना तोच प्लॅन घ्यावा लागतो, आजी-आजोबांना वगळून चालत नाही. आधी आम्ही सहा जणांचा एकच मोठा सुइट बघत होतो. तो सोडून पॉप सेंच्युरी या डिस्नीच्याच रिसॉर्टला दोन खोल्या घेतल्या, दोन वेगळी बुकिंग, आमच्या चौघांचं प्लॅनसकट आणि आई-बाबांचं प्लॅनशिवाय. प्लॅन खोली-तिकिटाच्या पॅकेजवर आधीच जोडायचा असतो, म्हणून हे बुक करतानाच ठरवायला हवं. चौघांचे मिळून रात्रीला ३१२.५३, पाच रात्रींचे १५६२.६५.

पैसे भरले म्हणजे टेबल मिळालं असं मात्र नाही. रिझर्व्हेशन वेगळं करावं लागतं, रिसॉर्टवर राहणाऱ्यांना चेक-इनच्या ६० दिवस आधी अख्ख्या मुक्कामाची एकदम करता येतात. त्या दिवशी पहाटे उठून बसा, हे मी अगदी कळकळीने सांगते, कारण कॅरेक्टर जेवणं मिळाली नाहीत तर वर मांडलेला सगळा हिशोब कोसळतो. आम्ही पाच क्रेडिटला पाच जागा धरल्या: शेफ मिकीज, मॅजिक किंगडम पार्कमधलं क्रिस्टल पॅलेस (तिथे विनी द पू येतो), एप्कॉट पार्कमधलं गार्डन ग्रिल, अॅनिमल किंगडम पार्कमधलं टस्कर हाउस आणि अॅनिमल किंगडम लॉज या रिसॉर्टमधलं सना. गार्डन ग्रिल हळूहळू गोल फिरतं, जेवण टेबलावर आणून देतात आणि सांगितलं की शाकाहारी वेगळं करून देतात. बुक करतानाच आहाराची नोंद करा आणि तिथे गेल्यावर परत सांगा, सूप चिकनच्या पाण्यातलं आहे का, तळणीचं तेल एकच आहे का, हे विचारायला अजिबात संकोच करू नका, लोक नीट उत्तर देतात. मेनूवर पानाची खूण असेल तर त्यात दूध, अंडं, मधसुद्धा नसतो, खूण नसलेलं पण शाकाहारी असं चीज-दुधाचंही बरंच असतं, ते विचारून घ्यावं.

सनाबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण आई-बाबा खरे रमले ते तिथे. आफ्रिकी आणि भारतीय मिळून केलेलं जेवण, खिडकीबाहेर जिराफ, झेब्रे चरताना दिसतात. तिथली ब्रेड सर्व्हिस प्रसिद्ध आहे, नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा असे प्रकार आणि सोबत नऊ वाट्या, काकडीची कोशिंबीर, आंब्याची, चिंचेची, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं. प्लॅनच्या टेबल जेवणात मुख्य डिश, गोड आणि ड्रिंक येतं, स्टार्टर येत नाही, म्हणून ही आम्ही वेगळे पैसे देऊन सगळ्यांत मिळून घेतली. बाबांनी तेवढ्यावरच जेवण केलं आणि पहिल्यांदाच किंमत न विचारता "अजून एक नान मागव गं" म्हणाले.

टिप प्लॅनमध्ये नसते. टॅक्स असतो, टिप नाही. आणि सहा किंवा जास्त माणसं एका टेबलाला असली की १८ टक्के आपोआप लागते, ती मेनूच्या पूर्ण किमतीवर, तुमचं जेवण आधी भरलेलं असलं तरी. चौघांच्या एका कॅरेक्टर जेवणाला चाळीसेक डॉलर धरा, म्हणजे पाच जेवणांचे दोनशे बाजूला ठेवूनच निघा. आई-बाबा फक्त टस्कर हाउस आणि सनाला आमच्याबरोबर बसले.

एरवी त्यांचं खाणं गाडीतून आलं होतं. पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेता येतं, काचेच्या बाटल्या, दारू आणि मोठे कूलर तेवढे चालत नाहीत. दशम्या, मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, सगळं पिशवीत होतं आणि गेटवर कोणी काही बोललं नाही. एकादशीला आईने राजगिऱ्याचे लाडू, केळी, खजूर खाल्ले, त्या दिवशी दुपारी तिला खोलीत आराम करू दिला आणि संध्याकाळी ती आमच्यापेक्षा जास्त चालली. अॅनिमल किंगडममधल्या सातुली कँटीनचा टोफूचा बोल दोघांनी मिळून खाल्ला, पोर्शन मोठे असतात, दोन वयस्कर माणसांना एक पुरतो. सगळं मिळून त्यांचा खर्च प्लॅनच्या निम्म्याच्याही आत बसला.

स्नॅकची क्रेडिट पाण्याच्या बाटलीवर घालवू नका. जिथे ड्रिंक मिळतं त्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा ग्लास फुकट देतात, कितीही वेळा मागा, आणि जुलैच्या उन्हात तो सारखा मागावा लागतो. स्नॅक वापरावं ते सहा-सात डॉलरच्या गोष्टींवर, मिकीचं आइस्क्रीम, अननसाचं डोल व्हिप असल्यांवर. मेनूवर प्लॅनची छोटी खूण असते, अॅपवरून ऑर्डर करताना पैसे देण्याच्या जागी प्लॅन निवडता येतो. काउंटरवर मनगटातला बँड (प्लॅन त्यालाच जोडलेला असतो) टेकवून पिन टाकायचा, पावतीवर किती उरलं ते छापून येतं, मी रोज रात्री ती पावती अॅपशी ताडून बघायचे कारण मोठ्यांची आणि मुलांची टेबल क्रेडिट वेगळी मोजतात.

निघायच्या दिवशी आमची काही स्नॅक क्रेडिट उरली होती. रिसॉर्टच्या फूड कोर्टमध्ये पाकीटबंद कुकीज आणि चॉकलेट लावलेले राइस क्रिस्पी असतात, त्यांच्यावर ती संपवली, आपापले चहा-कॉफीचे मग शेवटचे भरून घेतले आणि अकराच्या आत गाडी हायवेला लागली.