खिडकीवरचे तीन महिने आणि पंपाचे तीन महिने

मणक्यात वेदनाशामक औषध सोडणारा पंप बसवला म्हटल्यावर सगळे ऑपरेशनचंच विचारतात. ते सरळ झालं. आधी कण्यात चाचणीचा डोस, गुण आला म्हणून पोटाच्या कातडीखाली पंप आणि तिथून मणक्यापर्यंत बारीक नळी. छळलं ते रिफिलच्या, म्हणजे पंपाची टाकी पुन्हा भरायच्या, तारखेनं.

मुंबईच्या रुग्णालयातली अपॉइंटमेंटची खिडकी एकच वाक्य जाणते, “तीन महिन्यांनी या.” हे माझ्या पहिल्या डोसपुरतं खरं होतं. टाकी 20 मिलीची, 2 मिली उरले की अलार्म, म्हणजे वापरायला 18. मॉर्फिन मिलीला 10 मिलिग्रॅम, रोजचे 2 मिलिग्रॅम म्हणजे 0.2 मिली, हिशेब 90 दिवस. पुढे डोस अडीच झाला, रोजचे 0.25 मिली जायला लागले आणि 90 चे 72 झाले. खिडकीवर मात्र तीन महिने ते तीन महिनेच! प्रोग्रामरच्या (बाहेरून पंप वाचणाऱ्या, त्याचा डोस लावणाऱ्या यंत्राच्या) प्रिंटवर अलार्मची तारीख छापलेली असते, पण ती वाचायची कोणी? दोनदा भांडलो. आता प्रिंट पुढे सरकवून तारखेवर बोट ठेवतो आणि आठवडाभर आधीची वेळ लिहून मिळेपर्यंत हलत नाही.

आठवडा हवाच. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. रिफिलपासून 65व्या दिवशी निघायचं तर कुडाळला घरी परतल्या परतल्या, पाचव्या दिवशीच तिकीट काढावं लागतं. गौरी विसर्जनानंतर मुंबईकडे जायला उभं राहायलाही जागा नसते, पावसात दरडीचं भय वेगळं. शिवाय प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं मॉर्फिन लागतं, ते आलंय का हे निघण्याआधी फोनवर विचारा.

माझ्या पंपाचा एकसुरी आवाज म्हणजे औषध कमी; दोन सुरांचा आला तर टाकी रिकामी किंवा मोटर बंद, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

रिफिलला उरलेलं औषध आधी काढून घेतात. निघालेलं आणि प्रोग्रामरनं सांगितलेलं जुळतंय का, विचारा. मोठा फरक म्हणजे पंपात किंवा नळीत घोळ. त्याच रात्रीची कोकणकन्या मात्र पकडू नका. सुई चुकून औषध पंपाबाहेर कातडीखाली गेलं तर गुंगी चढते, श्वास मंदावतो, आणि गाडीत नॅलॉक्सोन, म्हणजे मॉर्फिनवरचा उतारा, कुठून आणणार? मी एक मुक्काम करतोच.

हो, एमआरआयचं राहिलं. त्यात मोटर थांबते. बाहेर आल्यावर ती पुन्हा सुरू झाल्याचं प्रोग्रामर लावून दाखवायला सांगा.